पीस लिलीची मूर्च्छा आणि अडेनियमचे मौन

अडेनियमची कुंडी आमच्या आसगावच्या घरी आली ती गाडीच्या पुढच्या आसनावर बसून, पट्टा लावून. विहीणबाई, म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई, मागे बसल्या होत्या. नागपूरपासून संपूर्ण रस्ताभर त्यांनी चालकाला खड्डे मोजून दाखवले असावेत, कारण तो बिचारा उतरताच ओसरीवर टेकला आणि त्याने पाणी मागितले.

विहीणबाई मोठ्या मुलाकडे बंगळुरूला निघाल्या होत्या. सुनेचे बाळंतपण होते. मुक्काम सात महिन्यांचा. माझी मुलगी आणि जावई पुण्यात ज्या घरात राहतात, तिथे सूर्य फक्त समोरच्या इमारतीच्या काचेतून दिसतो. म्हणून कुंडी माझ्याकडे आली.

"तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत," त्या म्हणाल्या, "म्हणून तुमच्याकडे ठेवते आहे. यांनी बी पेरून वाढवलेलं आहे. गच्चीवर अशी वीस होती. ते गेल्यावर मी बाकीची वाटून टाकली. त्यांच्या हातचं हे एवढंच राहिलंय. मला काही नको, विहीणबाई. हे जिवंत परत द्या."

मी होकार दिला. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांच्या वस्तूची जबाबदारी घेणे म्हणजे काय, हे ज्यांनी घेतली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. शिवाय वस्तू अशी की बाजारातून दुसरी आणून जागेवर ठेवता येत नाही.

माझ्याकडे तोवर एकच शोभेचे झाड होते, ते म्हणजे पीस लिली. मी सेवानिवृत्त झाले तेव्हा मुलीने दिलेली. आता एका घरात दोन झाडे झाली आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की त्यांच्यातले साम्य आणि भेद लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी पुठ्ठ्यावर एक तक्ता तयार केला, मध्ये उभी रेघ मारली आणि तो ओसरीच्या भिंतीवर लावला.

पीस लिली ही सावलीत वाढणारी. तिची पाने रुंद, गडद हिरवी. मधूनच एक पांढरे फूल निघते. ते खरे तर फूल नव्हे, रूप बदललेले एक पान असते, आणि मधला दांडा म्हणजे खरी फुले. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. थेट ऊन लागले की तिची पाने करपतात. माती ओलसर हवी, पण चिखल नको. पाणी कमी पडले की ती सर्व पाने खाली टाकून अशी मान टाकते की पाहणाऱ्याला वाटावे, आता आटोपले. पेलाभर पाणी द्यावे, तासाभरात पुन्हा उभी. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत एखादी मुलगी न चुकता चक्कर येऊन पडते, आणि लिंबूपाणी मिळाले की सर्वांच्या आधी वर्गात पोहोचते. लिली तशी.

अडेनियमची जात अगदी विरुद्ध. ते मूळचे कोरड्या, तापलेल्या मुलखातले. खोडाचा तळ गड्ड्यासारखा फुगलेला असतो. त्यात ते पाणी साठवून ठेवते. ऊन भरपूर हवे, माती भुसभुशीत, रेतीची. थंडीत ते पाने गाळून झोपते आणि त्या काळात त्याला पाणी जवळजवळ नकोच असते. महत्त्वाचे म्हणजे ते तक्रार करत नाही. पाणी जास्त झाले तरी वरून काही दिसत नाही. गड्डा आतल्या आत सडत जातो. शेवटच्या बाकावरचा एखादा मुलगा वर्षभर मान डोलावतो आणि त्याला काहीच समजलेले नव्हते हे उत्तरपत्रिकेत कळते. तसे.

विहीणबाईंच्या झाडाचा गड्डा नारळाएवढा होता. त्यातून दोन लांब फांद्या निघाल्या होत्या, आणि फक्त टोकांना थोडी पाने.

तक्त्याचे वाचन मी घरात मोठ्याने केले. श्रोते दोन. एक माझे यजमान. त्यांची धानाची शेती आहे आणि तक्ता या प्रकाराकडे ते पाहुण्यांच्या लहान मुलाकडे पाहावे तसे पाहतात. दुसऱ्या आमच्या शेजारीणबाई. त्यांच्या घरची माणसे गावच्या तलावात मासे धरतात आणि त्या रोज सकाळी अंगणात बसून ते साफ करतात. दोन्ही अंगणांच्या मधली भिंत कमरेइतकीच उंच आहे, म्हणून आमच्या घरातल्या कोणत्याही विषयात त्यांना मत असते.

"अडेनियमला थंडीत पाणी नाही," मी समारोप केला.

"नाही म्हंजे?" यजमान म्हणाले.

"नाही म्हणजे नाही."

"पाहुण्याचं झाड आन् त्याले उपासी ठेवतं?" ते शेजारीणबाईंकडे वळले. "आयकून राहिल्या ना, बाई? मास्तरीणबाईचा कायदा पाहा."

"आमच्या घरी तं मांजरालेबी असं नाही ठेवत," शेजारीणबाई म्हणाल्या.

इथे आमच्या भागाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे धान बांधीत, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेल्या तुकड्यात, उभ्या पाण्यात वाढते. पीक चांगले आहे का, हे पाहायला माणूस आधी बांधीत पाणी आहे का ते पाहतो. जमिनीला भेग पडली की घरात जेवण नीट उतरत नाही. लहानपणापासून ज्याने हे पाहिले, त्याला कोरडी कुंडी दाखवून "हे झाड सुखात आहे" असे सांगणे म्हणजे रडणारे मूल दाखवून "याला गुदगुल्या होत आहेत" असे सांगण्यासारखे आहे. तो वाद घालणार नाही. पण त्याचा हात लोट्याकडे जाईल.

मी हे जाणून होते. म्हणून आठवडाभराने अडेनियमच्या कुंडीच्या कडेने चिखलाचा एक सुबक, बोटभर उंचीचा धुरा घातलेला दिसला, तेव्हा तो कोणी घातला हे विचारावे लागले नाही.

"पानी वाहून जाऊन रायलं होतं," यजमान म्हणाले.

"कोणतं पाणी? मी तर दिलेलंच नाही."

"पावसाचं."

पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी धुरा काढला आणि तक्त्यावर लाल शाईने एक ओळ वाढवली: कुंडीत बांधकाम करू नये.

दिवाळीनंतर थंडी पडली. अडेनियमने एकेक पान पिवळे करून टाकायला सुरुवात केली. हे होणारच होते. तक्त्यात मी ते स्वतःच्या हाताने लिहिले होते. जानेवारीच्या सुरुवातीला झाडावर एकही पान उरले नाही. दोन उघड्या फांद्या आणि खाली तो गड्डा. सकाळी चहा घेताना ते समोर दिसे आणि मला विहीणबाईंचे शब्द आठवत. मी तक्ता वाचे. मग झाड पाही. मग पुन्हा तक्ता. आणि इथे मला जे लिहिणे भाग आहे ते लिहिते: एका सकाळी, यजमान शेतावर लाखोरीच्या डाळीचे पीक पाहायला गेलेले असताना, मी अर्धा पेला पाणी त्या कुंडीत ओतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग रोजच. मनाची समजूत अशी घातली की अर्धा पेला हे पाणी नव्हे, दिलासा आहे.

विहीणबाई दर रविवारी दूरध्वनीवर दिसत. आधी नातू, मग झाड, असा क्रम ठरलेला होता. "झोपलं आहे," मी सांगे. "छान," त्या म्हणत. "यांच्या सगळ्या झाडांचं असंच असायचं, जानेवारीत गच्चीवर जायला नको वाटायचं."

जानेवारी संपत आला असताना मी कुंडी उन्हात सरकवायला गड्ड्याला धरले आणि माझा अंगठा आत गेला. पिकलेल्या पेरूत रुतावा तसा. मी वाकून पाहिले. माती चिंब ओली होती. माझा रोजचा अर्धा पेला एवढे करू शकत नाही, हा हिशेब मला सहज जमला. आणि त्या मातीला माशांचा वास येत होता.

मी यजमानांना बोलावले. भिंतीपलीकडून शेजारीणबाईंनाही बोलावले. शाळेत खिडकीची काच फुटली की मी जशी सर्वांना रांगेत उभे करत असे, तसे दोघांना उभे केले.

"या कुंडीत कोणी पाणी टाकलं?"

यजमान म्हणाले, "मी तं फक्त लोटाभर. शेतावरून आलो का पाय धुतो, त्यातलं उरलं तेवढं."

"रोज?"

"पाय का मी आठवड्यातून धुतो?"

"आणि मासे धुतलेलं पाणी?"

शेजारीणबाईंनी पदर सावरला. "बाई, त्या पान्यानं आमच्या दोडक्याचा वेल छपरावर गेला. म्या म्हनलं, मास्तरीणबाई कायद्याची बाई आहे, थे काही टाकनार नाही. तिचे मालक तिले भेतेत, तेबी नाही टाकनार. मंग त्या झाडाचं कोन आहे?"

"मी कोनाले भेत नाही," यजमान म्हणाले.

"मंग लपून काहून टाकत होते जी?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. "आन् तू?"

तीस वर्षे मी मुलांना सांगितले की खरे बोलणाऱ्याला शिक्षा कमी होते. मी अर्धा पेला कबूल केला. त्यानंतर ते दोघे किती वेळ हसत होते ते लिहिण्याची आवश्यकता नाही. शेजारीणबाईंना भिंतीवर हात टेकावा लागला.

हसणे ओसरल्यावर तिघेही त्या मऊ गड्ड्याकडे पाहू लागलो. ज्या माणसाने तो वाढवला तो आता नव्हता, आणि ज्या बाईने तो माझ्यावर सोपवला ती तीन महिन्यांनी येणार होती.

अशा वेळी करायचे काय, हे पुस्तकी ज्ञान मला होते. झाड कुंडीतून काढावे. माती धुवावी. उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुरीने सडका भाग कापत जावे. कापताना तपकिरी रंग किंवा वर्तुळ दिसले तर अजून कापावे. स्वच्छ पांढरे लागेपर्यंत थांबू नये. चीक विषारी असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि डोळ्यांना हात लावू नये. मी मुळ्याच्या चकत्या कराव्यात तसा गड्डा कापत गेले. तपकिरी. अजून तपकिरी. नारळाचा पेरू झाला तेव्हा कुठे पांढरे लागले. सड एका फांदीतही चढली होती. ती मला चार बोटे ठेवून तोडावी लागली. यजमानांनी धानाच्या करप्यासाठी आणलेल्या बुरशीनाशकाची पूड काढून दिली. मी ती जखमांवर लावली आणि झाड सुतळीने बांधून ओसरीच्या आड्याला टांगले. आता ते तीन आठवडे तसेच वाळू द्यायचे होते.

"बाई," शेजारीणबाई भिंतीवरून म्हणाल्या, "थे का सुकवाची मासोळी होय का?"

मला बोलायची इच्छा नव्हती. पण त्या आत आल्या, टांगलेल्या झाडाभोवती फिरल्या आणि गंभीर झाल्या. "इथं नोका ठेवू. दुपारी इथं ऊन येते. कडक उन्हात मासोळी वरून वाळते, आन् आतून सडते. सावली पायजे आन् वारा पायजे."

हे माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते आणि शंभर टक्के शास्त्रीय होते. आम्ही झाड स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात हलवले. तिथे कायम झुळूक असते. रोज सकाळी त्या येऊन जखमेवर बोट फिरवत आणि "अजून दोन दिस" म्हणत. त्यांच्या "झालं" नंतरच मी झाड खाली उतरवले.

त्या तीन रविवारी मी काय केले ते सांगते. मी दूरध्वनीचा डोळा लिलीकडे वळवला.

"लिली छान दिसते," विहीणबाई म्हणाल्या. "आणि माझं?"

"विश्रांती घेतं आहे," मी म्हणाले. त्या क्षणी ते मागच्या बोळात सुतळीवर हलकेच फिरत होते.

वैनगंगेची जाड रेती, फोडलेल्या विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि मूठभर शेणखत, अशा मिश्रणात मी ते लावले. गड्डा लहान झाल्याने ते उभे राहीना. तीन दगडांचा टेकू द्यावा लागला. मार्चमध्ये ऊन तापले. तोडलेल्या फांदीच्या बुडख्यावर पाच हिरवे ठिपके दिसले. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. पाचच होते. ते ठिपके कोंब झाले, कोंबांना पाने फुटली, आणि एप्रिलमध्ये त्यांतल्या तिघांच्या टोकांना कळ्या आल्या. न तोडलेली जुनी फांदी मात्र होती तशीच. टोकाला चार पाने घेऊन उभी.

विहीणबाई आल्या त्या दिवशी मी कबुलीजबाब तीन मुद्द्यांत पाठ केला होता. काय घडले, का घडले, पुढे काय केले. त्या पायऱ्या चढल्या, कुंडीसमोर गेल्या, आणि मी पहिल्या मुद्द्याचे पहिले वाक्य सुरू केले तोच यजमान म्हणाले, "विहीणबाई, आमी तिघायनंबी पानी टाकलं. हिनंबी टाकलं. अर्धा अर्धा पेला."

खाली बसून विहीणबाईंनी तीन दगड पाहिले. कापलेला गड्डा पाहिला. बुडख्यावरून बोट फिरवले. मी चहा आणला. तो तसाच राहिला. जेवताना त्यांनी भाजी चांगली झाली आहे असे दोनदा सांगितले आणि पान अर्धे टाकले. लिली असती तर मला केव्हाच कळले असते की नेमके काय हवे आहे. या बाई अडेनियमच्या जातीच्या होत्या.

दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मुद्दे टाकून दिले. "मी तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हणाले. "ते विश्रांती घेत नव्हतं. टांगलेलं होतं. मला सांगायची हिंमत झाली नाही."

"टांगलेलं?" त्या म्हणाल्या.

"सुतळीनं. तीन आठवडे."

"आणि तुम्ही मला लिली दाखवत होतात."

"हो."

"मला वाटलंच होतं. तुम्ही कधी लिलीचं एवढं कौतुक करत नाही." मग त्या कुंडीकडे पाहू लागल्या. "हे दर वर्षी होळीनंतर फांद्या छाटायचे. म्हणायचे, छाटल्याशिवाय फुटत नाही. ते गेल्यापासून मी कात्री लावली नाही. त्यांनी ठेवलेल्या फांद्या, मी कशा तोडायच्या? तीन वर्षं फूल नाही. मला वाटायचं, तेही सुतकात आहे."

मी गप्प राहिले. शिक्षकाला हे फार उशिरा जमते.

"सुरी कोणती वापरलीत?" त्यांनी विचारले.

मी सुरी उकळून आणली, हातमोजे दिले. त्यांनी जुनी फांदी डाव्या हातात धरली. शेजारीणबाई भिंतीशी आल्या होत्या. यजमान ओसरीच्या खांबाला टेकले होते. विहीणबाईंचा हात थांबला.

"मरणार तर नाही ना?" त्यांनी विचारले. माझ्याकडे पाहून नव्हे, यजमानांकडे पाहून.

"रोवणीच्या वक्ताले आमी पऱ्हे उपटतो जी," यजमान म्हणाले. रोवणी म्हणजे धानाची लावणी, आणि पऱ्हे म्हणजे त्याची रोपे. "मुळं तुटतेच. आठ दिस पिवळं पडून राहते, पाहावत नाही. मंग असं उभं होते का विचारू नोका. झाड कापल्यानं नाही मरत, विहीणबाई. आमच्यासारख्यायच्या मायेनं मरते."

त्या हसल्या आणि त्यांनी एका झटक्यात कापले.

संध्याकाळी कुंडी पुन्हा गाडीत बसली. तोडलेली फांदी त्यांनी माझ्या हातात दिली. "ही सावलीत आठ दिवस वाळवा, मग रेतीत लावा. तुमच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण पाणी, विहीणबाई, मी फोनवर सांगेन तेव्हाच. तिघांनाही सांगा."

फांदी लावून आज अकरा दिवस झाले. कुंडी ओसरीवर आहे, कोरडी ठणठणीत. यजमान शेतावरून आले की आधी तिच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे. शेजारीणबाई सकाळ-संध्याकाळ भिंतीवरून एकच प्रश्न विचारतात.

अजून फोन आलेला नाही.